मर्फी आडनावाची नामवंत माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मर्फी म्हटलं की कुणाला रेडिओ आठवतो, कुणाला "चुकायचं ते चुकणारच" हा नियम, कुणाला ऑस्कर घेणारा अभिनेता, तर डॉक्टरांना पित्ताशयाची तपासणी. त्यामुळे येणाऱ्या प्रश्नांत सगळ्यांची सरमिसळ झालेली असते. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मर्फी हे आडनाव मूळचं कुठलं? त्याचा अर्थ काय?

मूळचं आयर्लंडचं. आयरिश भाषेत ते 'ओ मुरखू' असं म्हणतात. जुनं रूप 'ओ मुर्खाधा'. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, आणि मुर्खाध हे एका पूर्वजाचं नाव. त्या नावात 'समुद्र' आणि 'लढाई' हे दोन शब्द आहेत, म्हणून अर्थ 'समुद्रयोद्ध्याचा वंशज' असा लावतात. 'मॅक' म्हणजे मुलगा. काही घराणी 'ओ'ऐवजी 'मॅक' लावत, पण इंग्रजीत दोन्हींचं मर्फीच झालं. आपल्याकडे बरीच आडनावं गावावरून किंवा हुद्द्यावरून पडली, तशी जुनी आयरिश आडनावं बहुतेक पूर्वजाच्या नावावरून पडली आहेत.

२. मग सगळे मर्फी एकमेकांचे भाऊबंद का?

नाहीत. मुर्खाध हे नाव जुन्या आयर्लंडमध्ये सर्रास ठेवलं जाई, त्यामुळे वेगवेगळ्या भागांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या घराण्यांनी तेच नाव लावलं. आग्नेयेकडच्या वेक्सफर्डचे मर्फी, दक्षिणेकडच्या कॉर्कचे मर्फी आणि उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातले, विशेषतः आर्मा भागातले मर्फी अशा निदान तीन मोठ्या शाखा स्वतंत्रपणे निघाल्या. सगळे पाटील जसे एकाच वाड्यातले नसतात, तसंच हे.

१२ व्या शतकातला लिन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याचं आडनाव आयरिशमध्ये याच मुर्खाधवरून आलेलं आहे. राज्य परत मिळवण्यासाठी त्याने परक्या सरदारांची मदत मागितली आणि ११६९ मध्ये नॉर्मन फौजा आयर्लंडमध्ये उतरल्या. पण त्याचे वंशज इंग्रजीत मॅकमरो आणि कॅव्हना म्हणून ओळखले जातात. म्हणून मर्फी आडनाव दिसलं की 'राजघराण्यातला' असं लिहून टाकू नये.

३. हे आडनाव आयर्लंडमध्ये खरंच पहिल्या क्रमांकावर आहे का?

हो. जन्मनोंदणी खात्यातल्या रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० च्या नोंदींवरून अंदाज काढला होता: मर्फी ६२,६००, केली ५५,९००, ओसलिव्हन ४३,६००, वॉल्श ४१,७००. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हती, त्या वर्षी नोंदल्या गेलेल्या बाळांच्या संख्येवरून केलेलं गणित होतं. पहिला क्रमांक मात्र आजही मर्फींचाच आहे.

४. ओब्रायन, ओकॉनर असतात, तसं ओमर्फी का दिसत नाही?

इंग्रजी सत्तेच्या काळात, मुख्यतः १७ व्या आणि १८ व्या शतकांत, 'ओ' आणि 'मॅक' लावणं गैरसोयीचं ठरलं आणि ते गळून पडले. १९ व्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेची चळवळ उभी राहिली, तेव्हा ओसलिव्हन, ओकॉनर अशा कित्येकांनी 'ओ' परत घेतला. मर्फींनी तो घेतला नाही.

एक ठळक अपवाद फ्रान्समध्ये सापडतो. मारी-लुईज ओमर्फी ही १७३७ साली रूआँ शहरात आयरिश वंशाच्या कुटुंबात जन्मली आणि पुढे राजा पंधराव्या लुईची प्रेयसी झाली. फ्रांस्वा बुशे या चित्रकाराच्या एका प्रसिद्ध चित्रातली तरुणी तीच, असं मानलं जातं.

५. बाईचं आडनाव वेगळं होतं का?

इंग्रजीत नाही, आयरिशमध्ये होतं. पुरुष 'ओ मुरखू', मुलगी 'नी वुरखू', आणि लग्नाने त्या घरात आलेली स्त्री 'ई वुरखू'. 'नी' किंवा 'ई' पुढे आलं की 'म'चा उच्चार 'व'कडे झुकतो, हा आयरिश व्याकरणाचा नियम आहे. सिंथिया नी वुरखू हे चांगलं उदाहरण: १९९४ ची युरोव्हिजन गायनस्पर्धा सादर करणाऱ्यांपैकी एक, पुढे वकील, आणि २०२४ पासून युरोपीय संसदेच्या सदस्य. नामवंत मर्फींची यादी करताना फक्त 'मर्फी' शोधलं तर अशा स्त्रिया हमखास सुटतात. यादी करताना ही तिन्ही रूपं शोधावीत.

६. ऑस्कर मिळालेला अभिनेता सिलियन की किलियन?

किलियन. आयरिशमध्ये नावातल्या पहिल्या 'C' अक्षराचा उच्चार नेहमी 'क' असतो, 'स' कधीच नाही. किलियन मर्फी यांचा जन्म १९७६ चा, कॉर्कमधल्या डग्लसचा. 'ओपेनहायमर'मधल्या मुख्य भूमिकेसाठी मार्च २०२४ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अभिनेत्याला या विभागात ते पहिल्यांदाच मिळालं. मराठी बातम्यांत 'सिलियन' अजून दिसतं, ते दुरुस्त करायला हवं.

गायिका मर्फी 'रोशीन' आहे, 'रॉइसिन' नव्हे. प्रवासलेखिका 'डर्व्हला' (प्रश्न १३).

७. मर्फीचा नियम सांगणारा मर्फी खरा होता की कल्पित?

खरा. एडवर्ड मर्फी (१९१८–१९९०), अमेरिकी हवाई दलातला अभियंता. १९४९ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या तळावर रॉकेट लावलेली घसरगाडी रुळांवरून सोडून एकदम थांबवत, आणि माणसाचं शरीर किती धक्का सोसतं ते मोजत. गाडीवर बऱ्याचदा स्वतः डॉक्टर जॉन स्टॅप बसत. मर्फींनी आणलेले मापक माणसाला बांधायच्या पट्ट्यांवर बसवले, चाचणी झाली, आणि आकडा आला शून्य. मापक दोन प्रकारे जोडता येत होते आणि ते उलटे जोडले गेले होते. 'चुकीची वाट उपलब्ध असेल तर कुणीतरी ती धरणारच' अशा अर्थाचं मर्फी तेव्हा बोलले. नेमके शब्द काय होते यावर तिथे हजर असलेल्यांमध्येच पुढे वाद झाला. स्टॅप यांनी पत्रकारांसमोर त्याला नियम म्हटलं आणि तो जगभर गेला.

आपण हा नियम नशिबाला दोष देण्यासाठी वापरतो. अभियंत्यांसाठी तो कामाचा सल्ला आहे: चूक करताच येणार नाही अशी वस्तू बनवा. सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो तो यासाठीच. चारही कोपरे सारखे असते तर निम्मी कार्डं उलटी बसली असती.

८. वैद्यकाच्या पुस्तकात मर्फी वारंवार येतो. तो एकच का?

नाही, आणि हा गोंधळ विद्यार्थ्यांना महागात पडतो. निदान तिघे वेगळे आहेत.

पहिले शिकागोचे शल्यविशारद जॉन बेंजामिन मर्फी (१८५७–१९१६). 'मर्फी साइन' त्यांची. रुग्णाला उताणं झोपवून, उजव्या बरगड्यांच्या कडेखाली, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर बोटं दाबून ठेवतात आणि खोल श्वास घ्यायला सांगतात. श्वास घेताना यकृत आणि पित्ताशय खाली सरकतात. सुजलेलं पित्ताशय बोटांना टेकलं की रुग्णाचा श्वास मध्येच अडकतो. नुसतं दुखणं म्हणजे खूण मिळाली असं नव्हे, श्वास अडकायला हवा. डाव्या बाजूला तसंच करून तिथे श्वास अडकत नाही हेही पाहायचं असतं. विद्यार्थी नेमकं तेच विसरतात. वयस्कर रुग्णांत सूज असूनही ही खूण मिळेलच असं नाही, म्हणून सोनोग्राफी टाळू नये.

आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) सुजेत दुखणं, मग उलटी, मग ताप असा क्रम सांगणारं 'मर्फीचं त्रिक' त्यांचंच. १८९२ चं 'मर्फी बटन'ही त्यांचंच: एकमेकांत अडकणारे धातूचे दोन भाग, ज्यांनी आतड्याची दोन टोकं टाके न घालता जोडत. हातशिवण तेव्हा वेळखाऊ होती आणि तिला गळती लागायची. १९१२ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा शिकागोच्या मर्सी रुग्णालयात त्यांची देखभाल याच मर्फींनी केली.

दुसरे भूलतज्ज्ञ फ्रान्सिस मर्फी. श्वासनलिकेत घालायच्या नळीच्या टोकाजवळ बाजूला जे भोक असतं, ती 'मर्फी आय'. १९४१ मधली ही सूचना. नळीचं तोंड श्वासनलिकेच्या भिंतीला टेकलं किंवा कफाने बुजलं, तरी या भोकातून प्राणवायू जात राहतो. भोक नसलेल्या नळीला मॅगिल नळी म्हणतात, आणि ते मॅगिलही आयर्लंडच्या लार्न गावचे.

तिसरे नोबेलवाले. ते पुढच्या प्रश्नात.

९. मर्फी आडनावाच्या कुणाला नोबेल मिळालंय?

विल्यम पॅरी मर्फी (१८९२–१९८७), अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे. १९३४ चं वैद्यकाचं नोबेल जॉर्ज व्हिपल आणि जॉर्ज मायनॉट यांच्यासोबत. पर्निशस ॲनिमिया हा रक्तक्षयाचा प्रकार तेव्हा जीवघेणा होता. मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज साधारण १२० ते २४० ग्रॅम कलेजी खायला घातली आणि १९२६ मध्ये ४५ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. माणसं उठून बसू लागली होती. रोज एवढी कलेजी, तीही कच्ची किंवा अर्धवट शिजवलेली, गिळणं सोपं नव्हतं, म्हणून पुढे तिचा अर्क काढण्यावर काम झालं. कलेजीतला गुणकारी घटक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, ते १९४८ मध्ये वेगळं काढता आलं.

व्हिपल यांचे प्रयोग रक्त काढलेल्या कुत्र्यांवर होते आणि तिथे कलेजीतलं लोह कामी आलं होतं. म्हणजे धागा वेगळ्याच आजाराचा होता आणि उत्तर बरोबर निघालं. त्याच सुमारास, १९२८ पासून, लुसी विल्स मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयावर काम करत होत्या. तो आजार यीस्टच्या अर्काने बरा होत होता आणि पुढे त्यातून फॉलिक आम्लाचा शोध लागला. दोन्ही आजारांत रक्तपेशी मोठ्या दिसतात, म्हणून हे दोन शोध शेजारी ठेवून वाचावेत.

विल्यम मर्फी यांच्याच नावाचा मुलगा प्लास्टिकच्या रक्तपिशवीच्या विकासातला महत्त्वाचा माणूस. 'डॉ. विल्यम मर्फी' असं वाचलं की वडील की मुलगा ते तपासावं.

१०. मर्फी रेडिओचा मर्फी कोण? तो भारतीय ब्रँड होता का?

फ्रँक मर्फी हे इंग्लंडमधले अभियंते. त्यांनी आणि ई. जे. पॉवर यांनी १९२९ मध्ये लंडनच्या उत्तरेला वेल्विन गार्डन सिटी इथे कंपनी काढली. १९३७ मध्ये फ्रँक मर्फी बाहेर पडले, नाव राहिलं. भारतातल्या मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्याला होता, म्हणून महाराष्ट्रात हे नाव घरचं वाटतं. ओठांवर बोट ठेवलेलं बाळ, म्हणजे 'मर्फी मुन्ना', हे भारतातल्या जाहिरातींतलं. त्याचा मर्फी कुटुंबाशी संबंध नाही. २०१२ च्या 'बर्फी!' चित्रपटातल्या नायकाचं नाव या रेडिओवरूनच मर्फी ठेवलेलं आहे. त्याला ऐकू-बोलता येत नाही आणि तो स्वतःचं नाव उच्चारायला गेला की 'बर्फी' होतं.

११. एकाच नावाचे दोन-दोन मर्फी निघतात. ओळखायचे कसे?

नाव, काम आणि काळ ही तिन्ही एकत्र लिहा. सर्वांत जास्त घोळ होणाऱ्या जोड्या अशा:

फ्रँक मर्फी: एक रेडिओवाले (प्रश्न १०). दुसरे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश (१९४०–१९४९), त्याआधी डेट्रॉइटचे महापौर आणि मिशिगनचे गव्हर्नर. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना घरंदारं सोडायला लावणं बहुमताने वैध ठरवलं, त्या १९४४ च्या कोरेमात्सु खटल्यात त्यांनी विरोधी निकाल लिहिला आणि त्या धोरणाला सरळ वंशवाद म्हटलं. आमच्या मते या आडनावाच्या सार्वजनिक माणसांनी लिहिलेल्या मजकुरात याहून मोलाचं काही नाही.

रायन मर्फी: १९६५ साली जन्मलेले दूरचित्रवाणी मालिकांचे निर्माते, आणि १९९५ साली जन्मलेला जलतरणपटू, ज्याने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३ सुवर्णपदकं घेतली.

विल्यम मर्फी: नोबेलवाले आणि त्यांचा मुलगा (प्रश्न ९), शिवाय विल्यम मार्टिन मर्फी (१८४५–१९१९), डब्लिनच्या ट्रामचे आणि 'आयरिश इंडिपेंडंट' वृत्तपत्राचे मालक. १९१३ मध्ये कामगारनेते जिम लार्किन यांच्या संघटनेत गेलेल्या कामगारांना कामावरून काढण्यात मालकांचे पुढारी हेच होते. ती टाळेबंदी १९१४ च्या सुरुवातीपर्यंत चालली. आयरिश कामगारांच्या स्मृतीत हे नाव आजही कडू आहे.

फादर मर्फी: इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावात वेक्सफर्डमध्ये दोन धर्मगुरू लढले. बुलावोगचे जॉन मर्फी टुल्लो इथे फाशी गेले. मायकल मर्फी आर्क्लोच्या लढाईत पडले. गाण्यांतला बहुतेक वेळा जॉन असतो.

१२. एडी मर्फी आयरिश आहेत का?

एडी मर्फी (जन्म १९६१, ब्रुकलिन) हे आफ्रिकन-अमेरिकन विनोदवीर आणि अभिनेते. अमेरिकेत हे आडनाव अनेक वाटांनी पसरलं: स्थलांतर, लग्न, आणि गुलामगिरीच्या काळात मालकाचं आडनाव चिकटणं. नुसत्या आडनावावरून वंश ठरत नाही, आणि कुणाच्या बाबतीत यातली कोणती वाट खरी ते कागद पाहिल्याशिवाय सांगू नये.

कागदावर स्पष्ट असलेलं उदाहरण आयझॅक मर्फी यांचं. केंटकीत जन्मलेले हे कृष्णवर्णीय जॉकी १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत जिंकले. जन्मनाव आयझॅक बर्न्स. मर्फी हे आईच्या वडिलांचं आडनाव त्यांनी घेतलं. अभिनेत्री ब्रिटनी मर्फी (१९७७–२००९) हिचं जन्मनाव बर्टोलोटी. मर्फी हे आईकडचं.

याच्या उलटही घडतं. १८५८ मध्ये पॅरिसला जर्मन बुद्धिबळपटू अँडरसनला हरवणारा न्यू ऑर्लीन्सचा बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी मूळच्या आयरिश मर्फींपैकी. पूर्वज स्पेनला गेले आणि 'मर्फी'चं 'मॉर्फी' झालं. तो 'मर्फीं'च्या यादीत दिसत नाही, पण यायला हवा. मरे हे आडनाव मात्र वेगळं आहे, ते यात धरू नये.

१३. भारताशी खरा संबंध असलेली मर्फी कोण?

डर्व्हला मर्फी (१९३१–२०२२), वॉटरफर्ड परगण्यातल्या लिस्मोरच्या. दहाव्या वाढदिवसाला त्यांना जुनी सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि सायकलने भारतात जायचं त्यांनी तेव्हाच ठरवलं. पण आजारी आईची सेवा करण्यात कितीतरी वर्षं गेली. आई गेल्यावर जानेवारी १९६३ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, त्या निघाल्या. युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दिल्लीला पोचल्या. सायकलचं नाव 'रॉझ'. सोबत पिस्तूल होतं, आणि वाटेत लांडगे अंगावर आले तेव्हा ते चालवावंही लागलं. त्यानंतर धरमशालेत तिबेटी निर्वासित मुलांसाठी त्यांनी काम केलं. १९७३ च्या अखेरीस जेमतेम पाच वर्षांच्या मुलीला घेऊन त्या पुन्हा आल्या; मुंबई, गोवा करत कुर्गला गेल्या.

शेजारच्या श्रीलंकेशी नातं कवी रिचर्ड मर्फी (१९२७–२०१८) यांचं. वडील कोलंबोचे महापौर होते, आणि रिचर्ड यांचं निधनही श्रीलंकेतच झालं.

१४. मर्फी बेड, मर्फी स्टाउट, आणि बटाट्याला मर्फी म्हणणं, यामागे एकच माणूस आहे का?

नाही. भिंतीत उभा दुमडून जाणारा पलंग सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम लॉरेन्स मर्फी यांचा. १९८९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने तो शब्द आता सर्वसामान्य झाला आहे असं ठरवलं, म्हणून कुठलीही कंपनी तसा पलंग 'मर्फी बेड' म्हणून विकू शकते. काळी बिअर कॉर्कची, १८५६ मध्ये जेम्स मर्फी आणि भावांनी काढलेल्या कारखान्यातली. बटाट्याला इंग्रजी बोलीत 'मर्फी' म्हणतात ते आयर्लंडचं मुख्य अन्न बटाटा आणि मुख्य आडनाव मर्फी म्हणून. त्यात टोमणा असतो, तेव्हा आयरिश माणसासमोर जपून वापरावं.

१५. एखादा मर्फी आयर्लंडमधल्या कुठल्या भागातला, हे कसं शोधायचं?

आडनावापासून सुरुवात केली तर हजारो नोंदी येतात आणि बहुतेक जण तिथेच थकतात. उलट्या बाजूने जावं.

आधी दुसऱ्या देशातले कागद पाहा: मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, थडग्यावरचा मजकूर. त्यातून 'टाउनलँड' मिळवायचा. आपल्या वाडीसारखा हा जमिनीचा सर्वांत लहान घटक. आयर्लंडमध्ये असे ६०,००० हून अधिक आहेत. टाउनलँड नाही तर निदान पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला भाग) तरी हवा.

मग आईचं माहेरचं आडनाव. आयरिश जन्मनोंदीत ते लिहिलेलं असतं आणि मर्फींच्या गर्दीत तीच खरी खूण ठरते. 'जॉन मर्फी' शेकडो, पण 'जॉन, आई माहेरची ड्रिस्कॉल, अमुक पॅरिश' एखाद-दोनच.

सर्वांची जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासून आहे. १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. १९०१ आणि १९११ ची जनगणनाही राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट ठेवली आहे. १८६४ च्या आधी कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्या आणि १८४७–१८६४ मधली ग्रिफिथची जमीन-आकारणी. आकारणीत फक्त जागा धारण करणाऱ्याचं नाव असतं, घरातल्या बाकीच्यांचं नाही.

१९ व्या शतकातल्या जनगणना शोधण्यात दिवस घालवू नयेत. १८२१ ते १८५१ च्या जवळपास सगळ्या १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागली तेव्हा जळाल्या, आणि १८६१ ते १८९१ च्या त्याआधीच सरकारनेच नष्ट केल्या होत्या. कुठलं संकेतस्थळ '१८७१ ची आयरिश जनगणना' पैसे घेऊन दाखवतो म्हणालं, तर पैसे देऊ नका.

शेवटी वय. जुन्या नोंदींत वय अंदाजाने सांगितलेलं असतं, म्हणून जन्मवर्षाच्या अलीकडे-पलीकडे पाच-पाच वर्षं शोधा. 'मर्फी' न मिळाल्यास 'मॉर्फी' आणि 'मरो' ही रूपंही टाकून पाहा.